ऑनलाइन बागकामाचा वर्ग निवडताना: पैसे भरण्याआधी काय तपासायचं

बागकाम शिकवणाऱ्या ऑनलाइन वर्गांना एक अडचण असते, जी हिशेबाच्या किंवा चित्रकलेच्या वर्गांना नसते. हिशेब जगात कुठेही सारखाच. पण शिक्षक थंड प्रदेशात बसून कांदा कसा लावायचा ते सांगत असेल आणि शिकणारा विषुववृत्ताजवळ राहत असेल, तर शिकवलेलं अक्षर न् अक्षर खरं असूनही कांदा पोसणार नाही. कांद्याच्या काही जातींना गड्डा धरायला चौदा तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो, काहींना दहा ते बारा तासांचा पुरतो. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर बारा तासांच्या आसपासच राहतो. तिथे मोठ्या दिवसाच्या जातीचं बी पेरलं तर पात हिरवीगार येते आणि खाली काहीच नसतं. यात शिकवणाऱ्याचं काही चुकलेलं नाही, शिकणाऱ्याचंही नाही. वर्ग तेवढा भलत्याच हवामानातला होता.

म्हणून वर्ग निवडताना शिक्षक किती गाजलेला आहे, व्हिडिओ किती देखणे आहेत, हे सगळं नंतर. आधी दोन प्रश्न: हा वर्ग माझ्या हवामानाला लागू पडतो का? आणि माझं झाड कुणी डोळ्यांनी बघणार आहे का? या दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर साध्या मोबाइलवर चित्रित केलेला वर्गही पुरतो. दोन्हींचं ‘नाही’ असेल तर कितीही सुंदर वर्ग हा करमणुकीचा कार्यक्रम होतो. करमणुकीला हरकत नाही, फक्त तिला शिक्षणाची फी भरू नये.

पायरी १: शिकायचं काय आहे ते एका वाक्यात लिहा

‘मला बागकाम शिकायचंय’ हे वाक्य शोधाच्या चौकटीत टाकलं की समोर येतो तो सगळ्यांसाठी केलेला, म्हणजे कुणाच्याच पूर्ण उपयोगाचा नसलेला वर्ग. तेच वाक्य नेमकं करून बघा. ‘दिवसाला चार तास ऊन येणाऱ्या बाल्कनीत कुंड्यांमधून पालेभाज्या घ्यायच्या आहेत.’ ‘गुलाबाला पाने येतात, कळ्या येत नाहीत, छाटणी शिकायची आहे.’ ‘घरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करायचं आहे, वास न येता.’ ‘फळझाडांवर डोळा भरणं (म्हणजे एका झाडाची कळी दुसऱ्यावर बसवणं) आणि गुटी कलम (फांदीला झाडावरच मुळं फोडून वेगळं रोप करणं) शिकायचं आहे.’ यातल्या प्रत्येकाला वेगळा वर्ग लागेल. कचऱ्याच्या खतासाठी दोन-तीन तासांचं सत्र आणि नंतर शंका विचारायची सोय पुरेशी असते. कलम मात्र हाताचं कौशल्य आहे. तिथे चाकूचा कोन, सालीची उचल, पट्टी किती ताणायची हे जवळून दिसायला हवं आणि आपण केलेला काप कुणीतरी तपासायला हवा.

वाक्य लिहिताना ‘कोणती झाडं’ यापेक्षा ‘कुठे अडलंय’ हे लिहिणं जास्त कामाचं. अडलेल्या जागेवरून वर्ग शोधला की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

पायरी २: स्वतःच्या जागेची टाचणं काढा

हे काम कंटाळवाणं वाटतं आणि बहुतेक जण ते टाळतात, पण वर्गाची निवड खरी इथेच होते. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला जागेकडे एक नजर टाका आणि थेट ऊन कधी येतं, कधी जातं ते लिहा. बागकामाच्या वर्गांत ‘पूर्ण ऊन’ म्हणजे साधारण सहा तास किंवा अधिक थेट ऊन, आणि ‘अर्धसावली’ म्हणजे तीन ते सहा तास. नुसता उजेड त्यात धरत नाहीत. ऋतू बदलला की सूर्याचा मार्ग सरकतो, त्यामुळे हीच नोंद काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते.

दिशेचंही तसंच. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडची खिडकी सर्वांत उजेडाची, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडची. ऑस्ट्रेलियातल्या शिक्षकाने ‘उत्तरेच्या खिडकीत ठेवा’ सांगितलं आणि उत्तर गोलार्धातल्या विद्यार्थ्याने ते तसंच ऐकलं, तर रोप उजेडासाठी माना लांबवत राहील.

मग हवामान: वर्षातलं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान, पावसाचे महिने, हवा कोरडी की दमट. अमेरिकी वर्गांमध्ये ‘झोन’ हा शब्द वारंवार येतो. हे झोन अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नकाशातले. एकूण १३, आणि त्याची ताजी आवृत्ती २०२३ सालची. वर्षातल्या कडाक्याच्या थंडीच्या सरासरी आकड्यावरून ते पाडलेले आहेत, आणि एका झोनमधून पुढच्यात जाताना फरक १० अंश फॅरनहाइटचा, म्हणजे सुमारे साडेपाच अंश सेल्सिअसचा. हा नकाशा फक्त ‘हे झाड हिवाळ्यात तगेल का’ एवढंच सांगतो. उन्हाळ्याची होरपळ, पाऊस, दमटपणा याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. त्यामुळे ‘आमचाही झोन तोच आहे’ एवढ्या आधारावर वर्ग घेऊ नका. हिवाळ्याचा आकडा सारखा असलेल्या दोन गावांत एकीकडे वाळवंट आणि दुसरीकडे दलदल असू शकते.

पाणी कुठून येतं, ते क्षारयुक्त आहे का, कुंड्या आहेत की जमीन, आठवड्याला खरोखर किती वेळ देता येईल, हेही लिहा. वेळेचा आकडा लिहून झाला की तो निम्मा करा.

पायरी ३: कुठे शोधायचं

ऑनलाइन बागकाम शिकवणाऱ्यांची ढोबळमानाने चार घराणी आहेत, आणि प्रत्येकाची चाल वेगळी.

पहिलं घराणं विद्यापीठांच्या विस्तार विभागांचं. अमेरिकेत १९१४च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने शेतीचं संशोधन विद्यापीठातून सामान्य माणसापर्यंत नेण्याची व्यवस्था उभी राहिली आणि घरच्या बागेचे प्रश्नही तिच्याकडे येऊ लागले. ते इतके वाढले, की वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या विस्तार विभागाने १९७३ मध्ये स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायला बसवलं. तोच ‘मास्टर गार्डनर’ कार्यक्रम. आज तो अमेरिका आणि कॅनडात पसरला आहे. ती पदवी मिळवायला त्या भागात राहून स्वयंसेवेचे तास भरावे लागतात. पण काही विद्यापीठं तोच अभ्यासक्रम स्वयंसेवेच्या अटीविना बाहेरच्यांनाही ऑनलाइन देतात. या घराण्याचा खरा खजिना म्हणजे त्यांची फुकट माहितीपत्रकं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एकात्मिक कीड व्यवस्थापन कार्यक्रमाची घरगुती किडींवरची टिपणं एकदा चाळली, तर मावा आणि पिठ्या ढेकूण यांवरचे निम्मे सशुल्क व्हिडिओ कुठून आलेत ते कळतं.

दुसरं घराणं परीक्षा घेणाऱ्या संस्थांचं. ब्रिटनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ही १८०४ साली स्थापन झालेली संस्था. तिच्या पात्रता परीक्षा टप्प्याटप्प्याच्या आहेत आणि त्यांची तयारी काही मान्यताप्राप्त केंद्रं दूरशिक्षणाने करून घेतात. इथे वनस्पतिशास्त्राची बैठक पक्की होते. ज्यांना हा व्यवसाय करायचाय किंवा मुळापासून शिकायचंय त्यांच्यासाठी उत्तम. मात्र उदाहरणं आणि झाडांची यादी ब्रिटिश हवामानातली असते, हे धरूनच चालायचं. बाल्कनीत चार मिरच्या लावणाऱ्याला एवढा खटाटोप नको.

तिसरं घराणं कोर्सेरा, एडेक्स यांसारख्या २०१२ साली सुरू झालेल्या मोठ्या मंचांचं. तिथे बागकामापेक्षा वनस्पतिशास्त्र, मातीचं विज्ञान, शाश्वत शेती असे विषय जास्त सापडतात. बरेच अभ्यासक्रम निदान काही प्रमाणात फुकट बघता येतात आणि प्रमाणपत्र हवं असेल तर पैसे पडतात. झाड पाणी कसं उचलतं, पानं पिवळी का पडतात, हे ‘का’ समजून घ्यायला ही जागा चांगली. ‘कसं’साठी नाही. हजारोंच्या वर्गात तुमच्या कुंडीकडे बघायला कुणालाच सवड नसते.

पर्माकल्चरचे, म्हणजे निसर्गातल्या रचनेवर बेतून शेती-बाग आखण्याच्या पद्धतीचे, वर्ग शोधताना एक आकडा लक्षात ठेवा: ७२ तास. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात ही विचारसरणी मांडली, आणि तिच्या ‘डिझाइन कोर्स’चा रूढ कालावधी ७२ तासांचा आहे. कुणी शनिवार-रविवारात पूर्ण डिझाइन प्रमाणपत्र देत असेल तर विचारा, बाकीचे तास कुठे गेले. शिवाय तो जमिनीच्या आराखड्याचा अभ्यासक्रम आहे. मोजक्या कुंड्या असणाऱ्याने थांबून विचार करावा.

चौथं घराणं एकेकट्या शिक्षकांचं: ज्यांची स्वतःची बाग आहे, चॅनल आहे, आणि त्यावरून ते वर्ग घेतात. सर्वांत उत्तम आणि सर्वांत टाकाऊ, दोन्ही प्रकारचे वर्ग मला इथेच दिसतात. तुमच्यासारख्याच हवामानात, तुमच्यासारख्याच जागेत, वर्षानुवर्षं झाडं वाढवणारी व्यक्ती सापडली तर ती वरच्या तिन्ही घराण्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते. फक्त तिची परीक्षा आपल्यालाच घ्यावी लागते, कारण इथे मान्यता देणारं दुसरं कुणी नसतं.

शोधताना नुसतं ‘गार्डनिंग क्लास’ न टाकता झाडाचं नाव, अडचण आणि हवामान असे तिन्ही शब्द टाका. झाडाचं शास्त्रीय नाव माहीत असेल तर तेही. बोलीतली नावं दर प्रदेशाला बदलतात, एकाच नावाने दोन-तीन वेगळी झाडं ओळखली जातात. शास्त्रीय नावाने शोधलं की अभ्यासू मंडळी सापडतात. तुमच्या भागातल्या कृषी किंवा उद्यानविद्या शिकवणाऱ्या संस्थेचं पान आधी बघा. तिथले वर्ग दिसायला रुक्ष असतात, पण त्यांचं हवामान तुमचं असतं.

पायरी ४: अभ्यासक्रम वाचा, जाहिरात नाही

यादी हातात आली की प्रत्येक वर्गाचा तपशीलवार अभ्यासक्रम मागवा. तो देत नसतील तर पुढे जाऊ नका. अभ्यासक्रमात मला पहिल्यांदा बघायला आवडतं ते मातीला किती जागा दिली आहे. पहिल्याच धड्यात ‘दहा सुंदर झाडं’ आणि माती कुठेतरी शेवटी ‘खतं’ या नावाखाली कोंबलेली, असं असेल तर वर्ग उलटा बांधलाय. मिश्रण, निचरा, वापसा (माती ना चिखल ना कोरडी अशी ओल) ओळखणं, सामू (म्हणजे pH, माती आम्ल की अल्क ते), मग पाणी, मग ऊन, मग पोषण, मग कीड-रोग, असा क्रम साधारण बरोबर. कारण कुंडीतल्या झाडांची बरीचशी दुखणी मुळांशी सुरू होतात आणि पानांवर दिसतात.

वेळेचं गणितही जुळवून बघा. मुळा पेरणीपासून काढणीपर्यंत जलद जातींत चार आठवड्यांत येतो. टोमॅटोला बियांपासून पहिल्या फळापर्यंत तीन ते चार महिने लागतात. ‘बियांपासून फळापर्यंत टोमॅटो’ असा दोन आठवड्यांचा वर्ग असेल, तर तुमचं रोप चार पानांचं असतानाच वर्गाने निरोप घेतलेला असेल. फूलगळ, करपा, फळाच्या बुडाला पडणारा काळा डाग, ही सगळी दुखणी त्यानंतरची. अशा विषयांना लांब पसरलेला वर्ग हवा: आठवड्याला एक तास, पण तीन-चार महिने. सलग दहा तासांच्या माऱ्यापेक्षा तो कितीतरी बरा.

पायरी ५: शिक्षकाची परीक्षा घ्या

जवळजवळ प्रत्येक शिक्षकाचं काही ना काही फुकट बघायला मिळतं. तीन-चार व्हिडिओ सलग बघा आणि हातात कागद घ्या.

पहिली कसोटी, मेलेलं झाड. ज्याच्या बागेत कधीच काही मरत नाही, कीड लागत नाही, पानं करपत नाहीत, तो एकतर बाग दाखवत नाही किंवा पूर्ण दाखवत नाही. चांगला शिक्षक मर झालेलं रोप उपटून मुळं दाखवतो. एकच झाड महिन्यांच्या अंतराने पुन्हा दाखवलं जातं का तेही बघा. ‘लावलं’ आणि ‘बहरलं’ या दोन चित्रांच्या मधलं सगळं गायब असेल, तर मधल्या काळात नवी कुंडी विकत आणली नसेल कशावरून?

दुसरी कसोटी, काही जुन्या समजुतींवर शिक्षक काय बोलतो. बागकामात चुकीच्या गोष्टी अतिशय आत्मविश्वासाने सांगितल्या जातात. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या लिंडा चॉकर-स्कॉट यांनी तर अशा समजुती संशोधनाच्या कसोटीवर तपासण्याचंच काम वर्षानुवर्षं केलं. त्यातल्या काही गोष्टी परीक्षेच्या प्रश्नांसारख्या वापरता येतात.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर दिला की निचरा सुधारतो, असं शिक्षक म्हणतो का? प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत ते तिथेच अडून राहतं. म्हणजे खडीमुळे पाणथळ थर मुळांच्या आणखी जवळ सरकतो. निचरा हवा असेल तर मिश्रणच भुसभुशीत करावं लागतं आणि भोक मोकळं ठेवावं लागतं. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा माती वाहून जाऊ नये म्हणून ठेवला तर बिघडत नाही.

फांदी छाटल्यावर जखमेला रंग किंवा लेप फासायलाच हवा, असं सांगतो का? अमेरिकी वनखात्यातले अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं कापून तपासली आणि दाखवून दिलं, की झाड जखम ‘भरून’ काढत नाही, तर कुजलेला भाग आतून भिंती घालून कोंडतं. त्यामुळे लेपापेक्षा काप कुठे घेतला याला महत्त्व. फांदी खोडाला मिळते तिथला किंचित फुगीर गळा शाबूत ठेवून त्याच्या बाहेर काप घ्यायचा. छाटणी शिकवणारा हा गळा बोट ठेवून दाखवत नसेल तर त्याचा वर्ग छाटणीसाठी घेऊ नका.

पानं पिवळी पडली की लगेच एखादं ‘टॉनिक’ सुचवतो का? चांगला शिक्षक आधी विचारतो: जुनी, खालची पानं पिवळी पडताहेत की नवी, शेंड्याची? नत्र झाडाच्या आत फिरू शकतं. कमी पडलं तर झाड जुन्या पानांतून ते काढून नव्यांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. लोह तसं हलत नाही, म्हणून त्याची कमतरता कोवळ्या पानांवर दिसते, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. आणि बऱ्याचदा मातीत लोह असतंही, पण सामू जास्त असल्याने मुळांना ते घेता येत नाही. किंवा यातलं काहीच नसतं, पाणीच जास्त झालेलं असतं. उलटे प्रश्न विचारणारा शिक्षक मिळाला तर त्याला सोडू नका.

खताच्या पिशवीवरचे तीन आकडे समजावून सांगतो का, हेही बघा. ते नत्र, स्फुरद आणि पालाश यांचं वजनी प्रमाण सांगतात. पुष्कळ देशांत स्फुरद-पालाशाचे आकडे ऑक्साइडच्या रूपात छापतात, पण घरच्या बागेला एवढी बारकाई नसली तरी चालतं. चमचे मोजायला सांगायचे आणि आकड्यांबद्दल बोलायचंच नाही, हे मात्र चालत नाही. पिशवी बदलली की चमचा फसवतो.

बटाट्यात खोचलेल्या गुलाबाच्या काडीला मुळं फुटतात, केळीच्या सालीच्या पाण्याने आठवड्यात कळ्या येतात, असे चमत्कार ज्या चॅनलवर रांगेने दिसतात तिथे मी थांबत नाही. अलीकडे यंत्राने तयार केलेल्या चित्रांची भर पडली आहे. निळ्या स्ट्रॉबेरीचं किंवा सप्तरंगी गुलाबाचं बी विकणारे तर जुनेच. संकरित गुलाबाचं बी पेरून आईसारखंच फूल मिळत नाही, ते कलमाने किंवा काडीने वाढवतात. ही साधी गोष्ट ज्याला माहीत आहे त्याला असं बी विकता येत नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याच्याकडून शिकण्यात अर्थ नाही.

तिसरी कसोटी, विक्री. शिक्षक स्वतःच्या कुंड्या, मिश्रण, औषधं विकत असेल तर तो वाईटच असतो असं नाही. पण प्रत्येक अडचणीचं उत्तर त्याच्याच दुकानातल्या बाटलीत असेल, तर तो वर्ग नाही. ‘हे न घेता काय करता येईल?’ असं प्रतिक्रियेत कुणी विचारलंय का आणि त्याने काय उत्तर दिलंय, ते वाचा. एकंदरीतच अभिप्राय वाचताना ‘खूप छान सर’ वगळा आणि अडचण मांडणारे प्रश्न शोधा. उत्तरं मिळाली आहेत का, किती दिवसांनी, आणि ती प्रश्नाला धरून आहेत का, यातून वर्ग सुरू झाल्यावर काय होणार आहे ते दिसतं.

पायरी ६: थेट, रेकॉर्ड केलेला, की दोन्ही

रेकॉर्ड केलेला वर्ग थांबवून, मागे नेऊन बघता येतो. रिपॉटिंग किंवा कलम बांधताना मोबाइल शेजारी टेकवून एकेक टप्पा करता येतो. थेट वर्गात प्रश्न विचारता येतो. धडे रेकॉर्ड केलेले आणि आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक थेट शंकासत्र, ही जोडी मला सर्वांत कामाची वाटते. शंकासत्राला किती जण असतात ते आधी विचारा. पंचवीस-तीस जणांत आपल्याला पाळी येते; पाचशे जणांत आपण प्रेक्षक असतो. शिक्षक दूरच्या देशातला असेल तर सत्राची वेळ आपल्या घड्याळात किती वाजता पडते तेही बघून घ्या.

ऋतूचं वेळापत्रक हा वेगळाच मुद्दा. वर्ग तुमच्या लागवडीच्या हंगामाच्या थोडा आधी सुरू व्हायला हवा. भर पावसात बीजप्रक्रिया शिकून, पेरणीला अजून चार महिने असतील, तर तोवर ते डोक्यातून गेलेलं असतं. रेकॉर्ड केलेल्या वर्गाला हे बंधन नाही, पण तिथे ‘किती दिवस बघता येईल’ हे विचारायलाच हवं. बागेचं चक्र वर्षाचं असतं. तीन महिन्यांनी बंद होणारा वर्ग पुढच्या हंगामात उपयोगाचा नाही.

पायरी ७: पैसे भरण्याआधीचा एक संदेश

निवडलेल्या दोन-तीन वर्गांना एकच छोटा संदेश पाठवा. त्यात आपलं पहिल्या पायरीतलं वाक्य, दुसऱ्या पायरीतली जागेची माहिती आणि हे प्रश्न: माझ्या हवामानात हा अभ्यासक्रम कितपत लागू पडेल? माझ्या झाडांचे फोटो कोण बघेल, तुम्ही की सहायक? धडे किती काळ उपलब्ध राहतील? नाही जमलं तर पैसे परत मिळण्याची मुदत काय? यात नसलेलं आणखी काय साहित्य विकत घ्यावं लागेल?

उत्तर कसं येतं त्यावर बरंच ठरतं. ‘सगळ्यांना उपयोगी आहे, लगेच नोंदणी करा, आज शेवटचा दिवस’ हे उत्तर नव्हे. ‘तुमच्याकडे ऊन कमी आहे, त्यामुळे फळभाज्यांचा भाग तुम्हाला फारसा उपयोगी पडणार नाही, पण पालेभाज्यांचा पडेल’ असं कुणी लिहिलं, तर तो वर्ग घ्या. स्वतःचं गिऱ्हाईक थोडं कमी करायची ज्याची तयारी आहे, तो शिकवतानाही खरं बोलतो.

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात: ‘पूर्ण केल्याचं’ प्रमाणपत्र म्हणजे व्हिडिओ शेवटपर्यंत चालले एवढंच. नोकरी-व्यवसायासाठी हवं असेल तर परीक्षा घेणारी, बाहेर ओळखली जाणारी संस्था निवडा. घरच्या बागेला दोन्हींची गरज नाही.

पायरी ८: वर्ग सुरू झाल्यावर

पहिल्याच दिवशी वीस कुंड्या मांडू नका. शिकवलेली पद्धत एका कुंडीवर करा आणि शेजारी तेच झाड, तीच माती, तेवढंच ऊन ठेवून दुसरी कुंडी नेहमीच्या पद्धतीने सांभाळा. दोन्हींवर तारीख घाला. फरक पडला तर पद्धत तुमच्या जागेत चालते. नाही पडला तर शंकासत्रात विचारायला नेमका प्रश्न मिळाला. सरावाला मुळ्यासारखं लवकर येणारं पीक घ्या, म्हणजे वर्ग संपायच्या आत एक चक्र पूर्ण होऊन चुका दिसतात.

वही ठेवा. त्यात पाणी कधी दिलं, खत कधी दिलं, पहिलं फूल कधी आलं, मावा कधी दिसला एवढंच. साहित्यिक वर्णन नको.

शंका विचारताना फोटो कसा काढता यावर उत्तराची किंमत ठरते. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, चार फोटो काढा: पूर्ण झाड कुंडीसकट, आजारी पान वरून, तेच पान खालून, कारण तुडतुडे, कोळी आणि माव्याचा मुक्काम बहुधा तिथेच असतो, आणि जागा, म्हणजे खिडकी किंवा भिंत किती लांब आहे ते दिसेल अशी. सोबत मागच्या दोन आठवड्यांत किती वेळा पाणी दिलं, काय फवारलं, कुंडी कधी बदलली, ते लिहा. ‘पानं पिवळी पडताहेत, काय करू?’ एवढ्यावर जगातला कुठलाही तज्ज्ञ अंदाजच सांगेल.

शिकवलेलं स्वतःच्या ऋतूत भाषांतरित करायची सवयही लवकर लावा. थंड प्रदेशातला शिक्षक ‘शेवटचं दव गोठून गेल्यावर लावा’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘रोपाला थंडीने मारायची भीती संपल्यावर’ असा असतो. जिथे दव गोठतच नाही तिथे ही तारीख शोधून काही मिळणार नाही. तिथे भीती कडक उन्हाची किंवा मुसळधार पावसाची असते आणि लागवड तिच्याभोवती बेतावी लागते. शिक्षकाने तारीख सांगितली की लगेच विचारा, ‘हीच तारीख का?’ कारण समजलं की तारीख आपली आपण काढता येते.

आणि पहिल्या दोन-तीन धड्यांतच वर्ग आपल्या कामाचा नाही असं दिसलं, तर शेवटपर्यंत रेटू नका. शंकेला आठवडाभर उत्तर नाही, जागेबद्दल कुणी विचारत नाही, दर धड्याच्या शेवटी नवी बाटली निघते, एवढी लक्षणं पुरेशी आहेत. परताव्याची मुदत नोंदणीच्या दिवसापासून मोजतात की पहिल्या धड्यापासून, ते अटींत वाचा. नोंदणी करतानाच मुदत संपायच्या दोन दिवस आधीची आठवण मोबाइलवर लावून ठेवा आणि परतावा लेखी मागा.